घरचा कुत्रा चावतो तेव्हां



घरांत पाळलेला कुत्रा घरच्याच मुलाला चावला, म्हणजे त्या घरापुढें दोन प्रश्न एकदम उभे राहतात. मुलाचें काय करावयाचें हा पहिला, आणि कुत्र्याचें काय करावयाचें हा दुसरा. घाबरलेल्या घरांत या दोहोंची सरमिसळ होते. कोणी काठी शोधतो, कोणी हळदीचा डबा शोधतो, कोणी चुना आणावयास धांवतो. आणि ज्याला कुत्रा चावला तें मूल कोपऱ्यांत रडत उभें असतें. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, त्यांचीं उत्तरें वेगळीं आहेत, आणि तरीहि एकाचें उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे, ही गोष्ट मनुष्यजातीला कळावयास फार काळ लागला. ती कशी कळली, हें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

हा इतिहास एका गांवाच्या नजरेनें पाहूं. तें गांव पनवेल. इ. स. १८३० मध्यें बोरघाटाचा गाडीरस्ता सुरू झाला, तेव्हां पुण्याहून येणारा प्रवासी पनवेलला उतरे आणि तेथून मचव्यांत बसून खाडीमार्गानें मुंबईस जाई. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली. १८७२ सालीं येथेंच श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका झाली. म्हणजे मुंबई जवळ, पण मध्यें पाणी. औषधविद्या दारांत, पण नवें रुग्णालय दूर, अशी या गांवाची दीर्घकाळ स्थिति होती. अशा गांवांतील एका वाड्याची आपण कल्पना करूं. वाड्याच्या ओसरीवर राखणीचा कुत्रा आहे, आणि सात-आठ वर्षांची एक मुलगी आहे. कुत्रा तिला चावला. त्या वाड्यानें निरनिराळ्या काळीं काय केलें असतें?

बोरघाटाचा रस्ता नुकताच झाला होता त्या काळीं वाड्यांतील मंडळींनीं वैद्यबुवांना बोलावलें असतें. वैद्यबुवांच्या मागें जें शास्त्र होतें तें लहानसहान नव्हतें. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचें वर्णन आहे. त्याला तेथें अलर्कविष म्हटलें आहे. असा प्राणी शेपूट, जबडा आणि खांदे गाळून चालतो, त्याच्या तोंडांतून लाळ गळते, तो आंधळ्या-बहिऱ्यासारखा होतो, असें तेथें सांगितलें आहे. ज्याला तो चावला त्या मनुष्याला पाण्याची भीति वाटूं लागली, तर तें मरणाचें लक्षण समजावें, असेंहि स्पष्ट म्हटलें आहे. याच अवस्थेला जलत्रास हें नांव आहे. उपचार म्हणून दंशाच्या जागेचें रक्त काढावें, ती जागा तापलेल्या तुपानें डागावी आणि पोटांत औषधें द्यावीं, असा क्रम आहे.

यांतील औषधांनीं हा रोग टळतो असें आज कोणी म्हणणार नाहीं. परंतु दोन गोष्टी त्या प्राचीन वैद्यांनीं अचूक हेरल्या होत्या. एक, लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय उरत नाहीं. दुसरी, जें करावयाचें तें लक्षणांच्या आधीं, आणि प्रथम जखमेवर करावयाचें. युरोपांतहि एकोणिसाव्या शतकापर्यंत जखम डागणें हाच मुख्य उपाय होता. विष आंत शिरण्यापूर्वीं त्याचा नाश करावा, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच होती. तो नाश कशानें होतो, एवढेंच ठाऊक नव्हतें.

कुत्र्याबद्दल मात्र त्या काळच्या बहुतेक समाजांचें एकच उत्तर होतें, तें म्हणजे मारून टाका. हें उत्तर सरकारनेंच घरोघर नेलें तेव्हां काय झालें, याचें उदाहरण पनवेलच्या खाडीपलीकडे, मुंबईंत, १८३२ सालीं घडलें. उन्हाळ्यांत व पावसाळ्याअखेर ठराविक मुदतींत मोकाट कुत्रीं मारावीं, असा कंपनी सरकारचा हुकूम आधींपासून होता. १८३२ मध्यें ही मुदत लांबविण्यांत आली. दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस होतें. बक्षिसाच्या लोभानें शिपाई मोकाट आणि पाळींव असा भेद करीनात. ते घरांत शिरूनहि कुत्रीं ओढून नेऊं लागले. पारशी समाजांत कुत्र्याला धर्मदृष्ट्या मोठें स्थान आहे. मृतावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा विधि त्यांच्यांत आहे. ६ जून १८३२ रोजीं कोटांतील पारशी जमावानें शिपायांना अडवून मारहाण केली. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद राहिला, आणि त्यांत पारशांबरोबर हिंदु व जैन व्यापारीहि सामील झाले. सरकारला लष्कर बोलवावें लागलें. पुढें १८३४ सालीं मुंबईंत पांजरपोळ निघाला, त्याच्या स्थापनेंत जमशेटजी जिजीभाई यांचा मोठा हात होता.

या दंग्याकडे धर्मभावनेचा प्रश्न म्हणून नेहमीं पाहतात, आणि तें खरेंच आहे. पण त्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सरकारला लोकांचे जीव वांचवावयाचे होते, आणि लोकांना आपलें जनावर वांचवावयाचें होतें. परंतु चावणारें कुत्रें पिसाळलेलें आहे कीं नाहीं, हें ओळखण्याचें साधन दोघांजवळहि नव्हतें. जेथें ओळख नसते तेथें सरसकट मारणें हेंच धोरण होऊन बसतें.

ही ओळख मिळण्याची सुरुवात १८८५ सालीं झाली. ४ जुलै रोजीं फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरील आल्सेस प्रांतांत जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलावर एका कुत्र्यानें झडप घातली. कुत्रा एका किराणा दुकानदाराचा होता. म्हणजे तोहि पाळलेलाच होता. मुलाच्या अंगावर चौदा जखमा होत्या. संध्याकाळीं गांवच्या डॉक्टरनें त्या कार्बॉलिक आम्लानें डागल्या. मुलाची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चरकडे गेली. ६ जुलैच्या रात्रीं पहिली लस टोचली गेली. पाश्चर हे रसायनशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. म्हणून सुई डॉ. ग्रांशे यांनीं धरली. वाळविलेल्या सशाच्या मज्जारज्जूपासून केलेल्या लशीच्या तेरा टोचण्या झाल्या, आणि मुलगा जगला.

या सुप्रसिद्ध कथेंतील एक लहानसा तपशील आपल्या विषयाला फार जवळचा आहे. त्या कुत्र्याला मालकानेंच ठार केलें होतें. मेल्यावर त्याचें पोट फाडलें, त्यांत गवत, पेंढा आणि लांकडाचे तुकडे निघाले. आणि त्यावरून तो पिसाळलेला होता असें ठरविण्यांत आलें. पुढें इतिहासकारांनीं विचारलें कीं, पोटांत पेंढा निघाला म्हणजे कुत्रा पिसाळलेला होता, हें सिद्ध कसें होतें? कुत्रा जिवंत ठेवला असता तर थोड्याच दिवसांत याचें उत्तर त्यानेंच दिलें असतें. साक्षीदारच मारला गेला, आणि मागें फक्त तर्क उरला. १९०३ सालीं इटालीचे नेग्री यांनीं पिसाळलेल्या प्राण्याच्या मेंदूंत दिसणारीं सूक्ष्म चिन्हें शोधून काढलीं, तेव्हां मेलेल्या कुत्र्याच्या मेंदूवरूनहि थोडेंबहुत सांगतां येऊं लागलें. पण तोंपर्यंत, आणि नंतरहि, जिवंत कुत्र्याइतका खात्रीचा पुरावा दुसरा नव्हता.

आतां आपल्या पनवेलच्या वाड्याकडे परत जाऊं. साल १९०५ धरूं. लस निघाली आहे, पण ती कोठें मिळते? हिंदुस्थानांतील पहिली पाश्चर संस्था १९०० सालीं हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांत कसौली येथें निघाली. त्यापूर्वीं ज्यांना शक्य असे ते पॅरिसची वाट धरीत. म्हणजे वाड्यांतील मुलीच्या बापानें मचव्यानें मुंबई गांठावयाची, तेथून आगगाडीनें दिल्ली, अंबाला, कालका, आणि पुढें डोंगर चढावयाचा. असा हजार मैलांहून अधिक प्रवास. तेथें दोन-तीन आठवडे राहावयाचें, आणि तितक्याच वाटेनें परत यावयाचें. भाडें कोठून आणावें, दुकान कोणाच्या हवालीं करावें, बरोबर आईला न्यावें कीं आजीला, हे सारे प्रश्न एका रात्रींत सोडवावयाचे. हा रोग अंगांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने लागतात, म्हणून एवढा प्रवास करूनहि लशीचा उपयोग होत असे. पण लहान मुलाची उंचीच अशी कीं कुत्र्याचें तोंड त्याच्या चेहऱ्याशीं येतें. आणि चेहऱ्यावरच्या, डोक्यावरच्या जखमेंतून मेंदूपर्यंतचा मार्ग आंखूड असतो. तेथें महिन्यांचा हिशेब पुरत नाहीं.

कसौलीचे संचालक डेव्हिड सेंपल यांनीं १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून निर्जीव केलेली लस तयार केली. ती दूर पाठवितां येत असल्यामुळें रोग्याला टेकडीवर नेण्याची गरज हळूहळू संपली. परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. तिचेंच १९२५ सालीं हाफकिन इन्स्टिट्यूट असें नामकरण झालें. ही लस परळला मिळूं लागल्यावर पनवेलकरांचा हजार मैलांचा प्रवास खाडी ओलांडण्याइतका झाला. पोटावर चौदा इंजेक्शनें, ही जी गोष्ट आपल्या आजोबांच्या तोंडीं होती, ती याच लशीची.

या लशीनें असंख्य जीव वांचविले, पण तिला एक काळी बाजू होती. तींत जनावराच्या मेंदूचा अंश असल्यामुळें थोड्या रोग्यांना लशीमुळेंच लकवा होई, आणि कांहीं दगावतहि. म्हणून डॉक्टरापुढें खरोखरीचा पेंच असे. न टोचावें तर मृत्यूचें भय, आणि टोचावें तर लशीचें भय. हा पेंच सोडविण्याचें साधन एकच होतें, आणि तें म्हणजे ओसरीवरचा तो कुत्रा. शास्त्रज्ञांनीं पाहिलें कीं, पिसाळण्याच्या रोगाचे विषाणु कुत्र्याच्या लाळेंत उतरतात ते त्याला लक्षणें दिसण्याच्या आधीं थोडेच दिवस. आणि लक्षणें दिसल्यावर तो फार दिवस जगत नाहीं. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावण्याच्या क्षणीं त्याची लाळ निर्विष होती, असें निश्चित म्हणतां येतें. कुत्र्याला मारूं नका, बांधून ठेवा आणि दहा दिवस पाहा, हा नियम येथून आला. प्राणिदयेचा त्यांत संबंध नव्हता. तो मुलाच्या हितासाठींच निघाला. आणि गंमत अशी कीं, १८३२ सालीं ज्या गोष्टीसाठीं मुंबईचा बाजार बंद पडला, ती गोष्ट मुलाचा जीव वांचविण्याच्या शास्त्रानेंच पुढें मान्य केली.

गेल्या पन्नास वर्षांत मेंदूऐवजीं पेशींच्या संवर्धनापासून केलेल्या लशी आल्या. भारतांत मेंढीच्या मेंदूची जुनी लस २००५ च्या सुमारास बंद झाली. नवी लस दंडांत टोचतात आणि तिचें तसलें भय नाहीं. त्यामुळें नियमाचा क्रम उलटला, आणि हें प्रत्येक घरानें नीट ध्यानांत ठेवावें. पूर्वीं कुत्र्याकडे पाहून लस द्यावी कीं नाहीं हें ठरवीत; आतां लस ताबडतोब सुरू करावयाची, आणि दहा दिवसांनीं कुत्रा निरोगी दिसला तर पुढच्या टोचण्या थांबवावयाच्या कीं नाहीं, हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें. वाट पाहून मग लस, असें करावयाचें नाहीं.

तेव्हां आजच्या पनवेलमधील त्याच घरानें काय करावें? पहिला अर्धा तास सर्वस्वीं मुलाचा. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. या विषाणूचें आवरण स्निग्ध असतें आणि साबण तें फोडतो. सुश्रुताच्या तापलेल्या तुपानें जें साधावयाचें होतें तें साध्या साबणानें साधतें. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकीं कांहींहि लावूं नये. त्यानें जखम चिघळते आणि वेळ जातो. लगेच रुग्णालय गांठावें. रक्त आलें असेल, किंवा जखम चेहऱ्यावर, डोक्यावर वा हातावर असेल, तर लशीबरोबर जखमेभोंवतीं इम्युनोग्लोबुलिनहि द्यावें लागतें. कारण लशीमुळें शरीरांत शक्ति निर्माण होण्यास कांहीं दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधींत आयती शक्ति हवी असते. धनुर्वाताची लसहि विचारून घ्यावी. पहिल्या टोचणीचा दिवस शून्य धरून पुढच्या टोचण्या तिसऱ्या, सातव्या व डॉक्टर सांगतील त्या दिवशीं चुकवूं नयेत. कुत्र्याला दरवर्षीं लस दिलेली आहे, हा दाखला जवळ असला तरी तो डॉक्टरांपुढें ठेवावा. आपल्या आपण निर्णय घेऊं नये.

मुलाची सोय लागल्यावर दुसरा प्रश्न हातीं घ्यावा. कुत्रा बांधून ठेवावा, पण त्याला अन्नपाणी द्यावें, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावें, आणि दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी. त्याचा आवाज बदलला, त्याला गिळतां येईना, लाळ गळूं लागली, तो लपूं लागला किंवा उगीच अंगावर धांवूं लागला, तर त्याच दिवशीं दोन्ही डॉक्टरांना कळवावें. त्याला मारूं नये, आणि हांकून तर मुळींच देऊं नये. हांकून दिलेला कुत्रा आपल्याबरोबर पुरावाहि घेऊन जातो. आणखी एक गोष्ट. ज्या घरांत चावल्याबरोबर कुत्र्याला झोडपतात, त्या घरांतील मूल पुढच्या वेळीं ओरखडा लपवितें. आपला मोत्या मार खाईल, आपला मोत्या घराबाहेर जाईल, या भीतीनें मुलें गप्प बसतात. आणि या रोगांत मौनाइतकें घातक दुसरें कांहीं नाहीं. म्हणून, चावला तर लगेच सांग, तुला कोणी रागावणार नाहीं, एवढें वाक्य प्रत्येक मुलाच्या कानावर आधींच पडलें पाहिजे.

समजा, दहा दिवस गेले आणि कुत्रा धडधाकट आहे. मग दोष कोणाचा? याविषयीं आपल्या परंपरेनें विचार केलेला आहे. महाराष्ट्रांत ज्या याज्ञवल्क्यस्मृतीचा, विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेसह, अधिकार मानला गेला, तींत म्हटलें आहे कीं, सुळ्यांच्या वा शिंगांच्या जनावरानें कोणावर हल्ला केला आणि सोडविण्याची शक्ति असूनहि मालकानें सोडविलें नाहीं, तर मालकाला दंड करावा. आणि सांपडलेला मनुष्य ओरडला असेल, तर दुप्पट करावा. १८६० च्या दंडसंहितेंत जनावराबाबत हयगय करणाऱ्या मालकाला शिक्षा सांगितलेली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेंतहि ती कायम आहे. स्मृति असो वा संहिता, दोहोंचा रोख जनावरावर नाहीं, मालकावर आहे. जनावराला बुद्धि नाहीं, मालकाला आहे. म्हणून विचारणा मालकाची.

त्या विचारणेला घरानें प्रामाणिकपणें उत्तर द्यावें. कुत्रा खात असतां मुलानें त्याच्या ताटलींत हात घातला होता काय? तो झोपलेला असतां त्याच्या अंगावर पडलें काय? त्याला दुखणें होतें काय? कुत्री पिलांजवळ होती काय? तो दिवसभर आंखूड सांखळीला बांधलेला होता काय? यांपैकीं एखादें कारण स्पष्ट असेल आणि जखम हलकी असेल, तर कुत्र्याला ठेवतां येतें. मात्र मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र सोडावयाचें नाहीं, हा नियम त्या दिवसापासून पाळला पाहिजे. कारण सांपडत नसेल, चावा खोल असेल, किंवा तो पहिलाच नसेल, तर लहान मूल असलेल्या घरांत त्याला ठेवणें हा मायेचा नव्हे, हट्टाचा भाग होईल. अशा वेळीं मूल नसलेल्या घरीं, झालेली हकीकत न लपवितां, त्याला द्यावें. आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या मतें तो कोठेंच सुरक्षित नसेल, तर त्यांच्याच हातून त्याला वेदनारहित मरण देणें, हा जड पण सरळ मार्ग आहे.

एक मार्ग मात्र कोणीहि धरूं नये. आणि दुर्दैवानें तोच फार धरला जातो. कुत्र्याला गाडींत घालून दूर, अनोळखी रस्त्यावर सोडून येणें. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याप्रमाणें जनावराला उपाशी-तहानेलें मरावयास सोडणें हा गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षांहि मोठी गोष्ट अशी कीं, आपल्या मुलाचा धोका आपण दुसऱ्या कोणाच्या तरी मुलावर ढकललेला असतो, आणि त्या मुलाच्या आईबापांना त्याची कल्पनाहि नसते. जगांत या रोगानें दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत दहांपैकीं चार पंधरा वर्षांखालील मुलें असतात. हे मृत्यु टाळतां येण्याजोगे आहेत. इंग्लंडनें मुसक्या, परवाने आणि आयात कुत्र्यांवरील निर्बंध यांच्या जोरावर १९०२ सालीं या रोगाचें निर्मूलन केलें; पुढें तो पुन्हां शिरला, तेव्हां पुन्हां घालविला. आपल्या शेजारच्या गोव्यानें कुत्र्यांना सरसकट न मारतां त्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली, शाळांतून मुलांना शिकविलें, आणि २०२१ सालीं तेथें रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालें. वस्तींतील शंभरांपैकीं सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, कीं रोगाची सांखळी तुटते, हें शास्त्राचें सांगणें आहे.

सुश्रुताच्या तापलेल्या तुपापासून परळच्या लशीपर्यंत, आणि १८३२ च्या आठ आण्यांच्या बक्षिसापासून गोव्याच्या मोहिमेपर्यंत जी वाट झाली, तिचा अर्थ एवढाच कीं, भयाच्या जागीं हळूहळू ओळख आली. जो कुत्रा घरांत आणला, त्याची दरसालची लस आपण चुकविली नाहीं, मुलाला त्याच्याशीं वागावयास शिकविलें, आणि तो कधीं चावलाच तर आधीं साबण, मग रुग्णालय, मग दहा दिवसांची नजर, हा क्रम सोडला नाहीं, तर त्या दिवशीं घरांत काठी शोधण्याची पाळी कोणावर येणार नाहीं.